विश्लेषण : गोल्फमधला ‘डॉगलेग’ म्हणजे काय? मैदानातले वळण वाचवण्यासाठी चेंडू का बदलावा लागतोय?

अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबने २०२३ च्या मास्टर्स स्पर्धेआधी आपल्या १३ व्या होलची लांबी ५१० यार्डांवरून ५४५ यार्डांवर नेली. त्यासाठी लागणारी जमीन क्लबने २०१७ मध्येच शेजारच्या क्लबकडून विकत घेऊन ठेवली होती. हा सगळा खटाटोप होता त्या होलच्या डावीकडे वळणाऱ्या फेअरवेसाठी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोल्फचे नियम ठरवणाऱ्या ‘यूएसजीए’ आणि ‘आर अँड ए’ या दोन संस्थांनी जगभरातल्या गोल्फ चेंडूची चाचणी अधिक कडक करण्याचा निर्णय जाहीर केला. दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. खेळाडू चेंडू इतका दूर मारू लागले, की मैदानाच्या रचनेत मुद्दाम ठेवलेल्या वळणांना अर्थ उरेल का? ही वळणे म्हणजेच ‘डॉगलेग’. ती नेमकी काय असतात आणि १०-१५ यार्डांसाठी एवढा वाद का पेटला आहे, याचे हे विश्लेषण.

‘डॉगलेग’ म्हणजे नेमके काय?

गोल्फच्या मैदानावर साधारण १८ होल असतात. होल म्हणजे फक्त चेंडू पडण्याचा खड्डा नव्हे. जिथून पहिला फटका मारतात ती ‘टी’, मधली कापलेल्या गवताची पट्टी म्हणजे ‘फेअरवे’ आणि शेवटी खड्डा व झेंडा असलेला अगदी बारीक गवताचा भाग म्हणजे ‘ग्रीन’, हे सगळे मिळून एक होल होतो. फेअरवेच्या दोन्ही बाजूंच्या वाढलेल्या गवताला ‘रफ’ म्हणतात. वाळूचे खड्डे म्हणजे ‘बंकर’. पाणी किंवा ओढ्याच्या भागाला २०१९ च्या नियमांपासून ‘पेनल्टी एरिया’ असे नाव आहे.

काही होल सरळ असतात. टीवर उभे राहिले की समोर झेंडा दिसतो. काही होलमध्ये मात्र फेअरवे काही अंतर सरळ जाऊन डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. हा आकार कुत्र्याच्या मागच्या पायासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘डॉगलेग’ म्हणतात. डावीकडे वळला तर ‘डॉगलेग लेफ्ट’, उजवीकडे वळला तर ‘डॉगलेग राइट’. दोनदा वळला तर ‘डबल डॉगलेग’. बांधकाम क्षेत्रातल्या लोकांना हा शब्द नवा नाही. मधल्या चौथऱ्यावर उलटा वळणारा जो जिना आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत असतो, त्यालाही ‘डॉगलेग जिना’च म्हणतात.

वळण पाण्याच्या कडेने असेल आणि ‘जितके पाणी ओलांडाल तितका पुढचा फटका सोपा’ अशी रचना असेल, तर त्या होलला ‘केप होल’ म्हणतात. हे नाव चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातील नॅशनल गोल्फ लिंक्स या मैदानावर उभारलेल्या १४ व्या होलवरून रूढ झाले.

होलची लांबी मोजतानाही वळणाचा विचार होतो. टीपासून झेंड्यापर्यंत सरळ रेषेतले अंतर न घेता खेळाची अपेक्षित वाट मोजली जाते, म्हणजे टीपासून वळणापर्यंत आणि वळणापासून ग्रीनच्या मध्यापर्यंत. होलचा ‘पार’ ठरवताना मुख्यतः हीच लांबी पाहतात. पार म्हणजे निष्णात खेळाडूने तो होल किती फटक्यांत पूर्ण करावा ही अपेक्षा. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, दोन कमी लागले तर ‘ईगल’, एक जास्त लागला तर ‘बोगी’ आणि दोन जास्त लागले तर ‘डबल बोगी’.

वळणामुळे खेळ कसा बदलतो?

सरळ होलमध्ये पहिल्या फटक्याचा प्रश्न सोपा असतो. दूर मारा आणि सरळ मारा. डॉगलेग खेळाडूला दोन वाटांतून एक निवडायला लावतो. फेअरवेच्या वळणाने जायचे, की कोपरा कापून थेट जायचे?

हे आकड्यांत पाहू. समजा, एक होल टीपासून वळणापर्यंत २५० यार्डांचा आहे. तिथे फेअरवे ६० अंशांनी डावीकडे वळतो आणि पुढे २०० यार्डांवर ग्रीन आहे. म्हणजे होलची लांबी ४५० यार्ड. पण टीपासून ग्रीनपर्यंत सरळ रेषा काढली तर अंतर भरते सुमारे ३९० यार्ड. कोपरा कापणाऱ्याचे ६० यार्ड वाचतात. अर्थात, त्या सरळ रेषेवर रचनाकाराने झाडी, पाणी किंवा बंकर ठेवलेले असतात.

समजा, ही झाडी टीपासून २८० यार्डांपर्यंत पसरली आहे. वळणाने जाणारा खेळाडू पहिल्या फटक्यात २५० यार्ड जातो आणि त्याला ग्रीनपर्यंत २०० यार्ड उरतात. म्हणजे दुसरा फटका लांब आणि अवघड. झाडीवरून २९० यार्ड चेंडू उडवणाऱ्याला मात्र जेमतेम १०० यार्ड उरतात. तो छोट्या ‘वेज’ने चेंडू अलगद झेंड्याजवळ टाकू शकतो. आणि जो प्रयत्न करतो पण २७० यार्डच उडवतो, त्याचा चेंडू झाडीत जातो. तिथून बाहेर यायलाच एक फटका खर्ची पडतो.

या उदाहरणात २७० आणि २९० यार्डांमध्ये फरक आहे फक्त २० यार्डांचा, पण निकालात एक-दोन फटक्यांचा फरक पडतो. सरळ होलमध्ये २० यार्ड कमी-जास्त झाले तर पुढच्या फटक्याला वेगळी स्टिक घ्यावी लागते, इतकेच. डॉगलेगमध्ये तेच २० यार्ड वाट मोकळी की बंद हे ठरवतात. चेंडूच्या अंतराचा वाद समजून घ्यायचा तर हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

यातून आलेले दोन शब्द समालोचनात सतत ऐकू येतात. ‘कॅरी’ म्हणजे चेंडू जमिनीला टेकण्याआधी हवेत किती अंतर गेला ते. कोपरा कापताना कॅरी महत्त्वाची, नंतर चेंडू किती घरंगळला ते नव्हे. ‘ले-अप’ म्हणजे धोका टाळून मुद्दाम आखूड फटका मारणे आणि पुढच्या फटक्यासाठी सोयीच्या जागी चेंडू थांबवणे.

चेंडू हवेत वळवतात कसा?

कोपरा कापण्याखेरीज तिसरी वाटही असते. ती म्हणजे फेअरवेच्या वळणाबरोबर चेंडूच हवेत वळवणे. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडून डावीकडे हलका वळला तर तो ‘ड्रॉ’. डावीकडून उजवीकडे वळला तर ‘फेड’. हेच वळण हाताबाहेर गेले तर अनुक्रमे ‘हुक’ आणि ‘स्लाइस’. नवशिक्यांना सर्वाधिक छळणारा फटका स्लाइसच. डावखुऱ्या खेळाडूसाठी या सगळ्या दिशा उलट होतात.

यामागचे भौतिकशास्त्र क्रिकेटप्रेमींना परके नाही. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेत थोडा सरकतो, त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. त्याला कारणीभूत असलेला ‘मॅग्नस परिणाम’च गोल्फचा चेंडू वळवतो. फटका बसल्यावर गोल्फचा चेंडू उलट्या दिशेने गरगर फिरत जातो. या उलट्या फिरकीमुळे त्याला वर उचलणारे बल मिळते. फिरकीचा आस जरासा कलला, की त्या बलाचा काही भाग चेंडूला बाजूला ढकलतो. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः स्टिकचे तोंड कुठे आहे यावर ठरते. पुढे तो कुठे वळणार हे ठरते ते तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर.

याचे टोकाचे उदाहरण २०१२ च्या मास्टर्समध्ये दिसले. लुई उस्थाउझेनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये डावखुरा बब्बा वॉटसन १० व्या होलवर पाइनच्या झाडांत अडकला. समोर ग्रीन दिसत नव्हते. त्याने वेजने चेंडू झाडांच्या फटीतून काढला आणि हवेत तो उजवीकडे असा वळवला, की थेट ग्रीनवर जाऊन पडला. त्याच फटक्याने त्याला विजेतेपद मिळाले. २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉयने १५ व्या होलवर झाडांना वळसा घालणारा मोठा ड्रॉ मारून चेंडू झेंड्याजवळ नेला. असे फटके आजही प्रेक्षकांना उभे करतात. मात्र पूर्वीच्या तुलनेत ते मारण्याची गरज कमी होत चालली आहे.

ऑगस्टाचा १३ वा होल इतका गाजलेला का?

ऑगस्टा नॅशनलची रचना बॉबी जोन्स आणि अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी केली. जागा पूर्वी रोपवाटिकेची होती, म्हणून प्रत्येक होलला झाडाचे किंवा फुलाचे नाव आहे. पार ५ चा १३ वा होल म्हणजे ‘अझेलिया’. ११, १२ आणि १३ या होलच्या परिसराला ‘आमेन कॉर्नर’ म्हणतात. क्रीडालेखक हर्बर्ट वॉरेन विंड यांनी १९५८ मध्ये हे नाव रूढ केले.

या होलचा फेअरवे डावीकडे वळतो. डाव्या कडेने एक लहान ओढा वाहतो आणि तोच पुढे ग्रीनसमोरून आडवा जातो. उजवीकडे पाइनची झाडे आहेत. शिवाय फेअरवेची जमीन उजवीकडून डावीकडे उतरती आहे. जो खेळाडू धाडस करून ओढ्याच्या जवळ चेंडू टाकतो, त्याला पुढचे अंतर कमी आणि पायाखालची जमीन तुलनेने सपाट मिळते. जो घाबरून उजवीकडे मारतो, त्याला अंतरही जास्त आणि उभे राहायला उतारही जास्त. अशा उतारावरून ओढ्यापलीकडच्या ग्रीनवर चेंडू थांबवणे ही मोठी जोखीम असते. दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचे की ओढ्याअलीकडे थांबायचे, हा निर्णय खेळाडूला विचारात पाडणारा असावा, ही जोन्स यांची कल्पना होती.

२०१० मध्ये फिल मिकेलसनने चौथ्या फेरीत इथेच दोन झाडांच्या मधून, पाइनच्या वाळक्या पाल्यावरून, २०० यार्डांहून लांबचा फटका थेट ग्रीनवर मारला आणि पुढे स्पर्धा जिंकली. याउलट २०२५ मध्ये शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेल्या मॅकिलरॉयने सुरक्षित वाट निवडली. दुसरा फटका त्याने ले-अप केला. पण १०० यार्डांहून कमी अंतरावरून मारलेला तिसरा फटका ओढ्यात गेला आणि त्याच्या नावावर डबल बोगी लागली. पुढे जस्टिन रोझला प्लेऑफमध्ये हरवून त्याने मास्टर्स जिंकली आणि चारही मेजर स्पर्धा जिंकणारा तो सहावा खेळाडू ठरला. एकाच होलवर धाडस करणाराही तरतो आणि सावध खेळणाराही बुडतो. चांगल्या डॉगलेगकडून हीच अपेक्षा असते.

मग वळण ‘सरळ’ कसे झाले?

याचे उत्तर अंतराच्या आकड्यांत आहे. अमेरिकेच्या पीजीए टूरवर १९८० मध्ये पहिल्या फटक्याचे सरासरी अंतर सुमारे २५७ यार्ड होते. आता ते ३०० यार्डांच्या आसपास आहे. सुमारे ४० यार्डांची ही वाढ एका कारणाने झालेली नाही. लाकडी ड्रायव्हर जाऊन आधी पोलादी आणि मग टायटॅनियमचे पोकळ डोके आले. डोके मोठे झाल्याने फटका किंचित चुकला तरी फारसे नुकसान होत नाही. नियमांनी या डोक्याच्या आकाराला आता ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे.

चेंडूही बदलला. आत रबराचा धागा गुंडाळलेले मऊ आवरणाचे चेंडू २००० पर्यंत अव्वल खेळाडू वापरत. त्या वर्षाअखेरीस घन गाभ्याचे, अनेक थरांचे नवे चेंडू आले आणि काही महिन्यांत जुने बाजूला पडले. नवा चेंडू ड्रायव्हरने मारल्यावर कमी गरगरतो, म्हणून तो दूर जातो आणि सरळही जातो. यात रचनाकारांचे दुहेरी नुकसान झाले. चेंडू वळवणे अवघड झाले आणि वळवण्याची गरजही संपली, कारण कोपऱ्यावरून थेट मारता येऊ लागले. शिवाय व्यायामशाळेत तयार झालेली शरीरे आणि फटक्याचा वेग व कोन मोजणारी रडार यंत्रे यांनीही अंतरात भर घातली.

परिणाम ऑगस्टाच्या १३ व्या होलवर स्पष्ट दिसला. २०१४ च्या शेवटच्या फेरीत वॉटसनने तिथे कोपऱ्यातल्या झाडांवरून सुमारे ३६६ यार्डांचा ड्राइव्ह मारला. पार ५ च्या होलवर दुसऱ्या फटक्याला त्याच्या हातात चक्क वेज होती. ज्या फटक्याने खेळाडूला विचारात पाडायचे, तो सरावाचा फटका झाला. २०२१ मध्ये ब्रायसन डिशॅम्बोने फ्लोरिडातील बे हिल मैदानावर तळ्याला वळसा घालणाऱ्या पार ५ च्या सहाव्या होलवर तळ्यावरून ३७० यार्डांचा ड्राइव्ह मारला. प्रेक्षकांनी जल्लोष केला आणि ती स्पर्धाही त्यानेच जिंकली.

मैदानांनी यावर काय उपाय केले?

कोपरा कापणाऱ्यांना अडवण्याचे प्रयत्न जुने आहेत. त्यातला सर्वांत गमतीशीर किस्सा १९७९ च्या यूएस ओपनचा. ओहायोतील इन्व्हर्नेस क्लबच्या आठव्या होलवर पहिल्या दिवशी लॉन हिंकल या खेळाडूला झाडांमधली एक फट दिसली. त्याने डॉगलेगने न जाता त्या फटीतून चेंडू थेट शेजारच्या १७ व्या होलच्या फेअरवेवर मारला आणि तिथून आखूड वाटेने ग्रीन गाठले. नियमांत हे बसत होते. आयोजकांनी मग रातोरात सुमारे २५ फुटी झाड आणून त्या फटीत लावले. ते ‘हिंकल ट्री’ म्हणून प्रसिद्ध झाले. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशीही हिंकलने आखूड वाट सोडली नाही.

आज अशा वेळी आयोजकांना झाड लावावे लागत नाही. एखादा होल खेळताना शेजारच्या होलचा भाग ‘हद्दीबाहेर’ ठरवण्याची मुभा नियमांनी दिली आहे. डॉगलेगचा कोपरा कापू न देणे हा तिचा एक मान्य हेतू आहे.

पण सर्वांत जास्त वापरला गेलेला उपाय म्हणजे टी मागे नेणे. ऑगस्टा नॅशनलची एकूण लांबी १९९७ मध्ये ६,९२५ यार्ड होती. २०२४ मध्ये ती ७,५५५ यार्ड झाली. म्हणजे मैदान ६३० यार्डांनी, सुमारे ५७५ मीटरने, वाढले. ऑगस्टाकडे पैसा आहे आणि शेजारची जमीन विकत घेण्याची ताकद आहे. शहराने वेढलेल्या जुन्या मैदानांना हे शक्य नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’चेच पाहा. तिथल्या प्रसिद्ध १७ व्या ‘रोड होल’मध्ये खेळाडू हॉटेलच्या आवारातील शेडवरून चेंडू मारून उजवीकडचा कोपरा कापतात. अशा ठिकाणी मैदान किती मागे नेणार? शिवाय लांबलेल्या मैदानाला गवताची निगा, पाणी, खत आणि खेळायला लागणारा वेळ हे सगळेच जास्त लागते. म्हणूनच मैदान वाढवण्यापेक्षा चेंडू आवरा, ही मागणी पुढे आली. जॅक निकलॉस ती गेली कित्येक वर्षे करत आहेत.

चेंडूच्या नियमात काय बदलणार?

नियमानुसार गोल्फ चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असू शकत नाही. याशिवाय त्याला अंतराची चाचणी द्यावी लागते. यंत्राने ठरावीक वेगाने मारलेला चेंडू ३१७ यार्डांपुढे, अधिक ३ यार्डांच्या सवलतीपुढे, जाता कामा नये.

डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात ही ३१७ यार्डांची मर्यादा तशीच आहे. बदलली ती चाचणी. आधी यंत्राच्या स्टिकचा वेग ताशी १२० मैल असे, तो १२५ मैल होईल. चेंडू सुटण्याचा कोन १० ऐवजी ११ अंश आणि फिरकी सेकंदाला ४२ फेऱ्यांऐवजी ३७ फेऱ्या असेल. म्हणजे चेंडूला जास्त जोराने, जास्त अनुकूल स्थितीत मारूनही तो त्याच मर्यादेत राहिला पाहिजे. आजचे अनेक चेंडू या चाचणीत नापास होतील.

नियामक संस्थांच्या अंदाजानुसार सर्वांत लांब मारणाऱ्यांचे अंतर १३ ते १५ यार्डांनी घटेल. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचे सरासरी ९ ते ११ यार्ड, अव्वल महिला खेळाडूंचे ५ ते ७ यार्ड आणि हौशी खेळाडूंचे ५ यार्ड किंवा त्याहून कमी. त्या वेळी जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार अव्वल स्पर्धांसाठी नवी चाचणी २०२८ पासून आणि हौशी खेळाडूंसाठी २०३० पासून लागू व्हायची होती.

१५ यार्ड म्हणजे जेमतेम १४ मीटर. ३०० यार्डांच्या फटक्यात त्याने काय बिघडते, असे कुणी विचारेल. इथे वरच्या उदाहरणातला होल पुन्हा आठवावा. कोपऱ्यातली झाडी २८० यार्डांवर संपते. आज २९० यार्ड कॅरी असलेला खेळाडू तिच्यावरून बिनधास्त मारतो. त्याचे १४ यार्ड कमी झाले तर तो २७६ वर, म्हणजे झाडीत. त्याला पुन्हा विचार करावा लागेल. सरळ होलवर हा बदल जाणवणारही नाही. वळणावर तो खेळाडूचा निर्णय बदलू शकतो.

विरोध कोणाचा आणि का?

मार्च २०२३ मधला पहिला प्रस्ताव वेगळा होता. त्यात कमी अंतराचा चेंडू फक्त अव्वल स्पर्धांसाठी सुचवला होता, तोही आयोजकांना हवा असेल तर. त्याला पीजीए टूरने पाठिंबा नाकारला. चेंडू बनवणाऱ्या कंपन्यांचाही विरोध होता. व्यावसायिकांचा चेंडू वेगळा आणि हौशींचा वेगळा झाला तर ‘विजेत्याचाच चेंडू तुम्हीही वापरा’ ही विक्रीची पद्धतच मोडते. हा विरोध पाहून नियामकांनी सर्वांसाठी एकच नियम केला. तेव्हा हौशी खेळाडूंना उगाच शिक्षा का, असा नवा आक्षेप आला.

विरोधकांचे म्हणणे सरसकट खोडून काढता येत नाही. लांब फटका हे गोल्फचे मोठे आकर्षण आहे. बे हिलच्या तळ्यावरून चेंडू उडताना लोकांनी टाळ्याच वाजवल्या. अंतर वाढण्यात खेळाडूंच्या कष्टाचाही वाटा आहे, मग चेंडूलाच दोषी का धरायचे, हा प्रश्न रास्त आहे. दुसरीकडे मॅकिलरॉयसारख्या, स्वतः लांब मारणाऱ्या खेळाडूने चेंडू आवरण्याच्या बाजूने मत दिले आहे. अंतर कमी झाले तर नेमकेपणा आणि चेंडू वळवण्याचे कौशल्य यांना पुन्हा मोल येईल, हा समर्थकांचा मुद्दा आहे.

नव्या नियमाची मर्यादाही स्पष्ट आहे. घट सर्वांची होणार असली तरी लांब मारणारा पुढेच राहणार. ३२० यार्ड कॅरी असलेल्याला २८० यार्डांची झाडी नव्या चेंडूनेही अडवू शकत नाही. गेल्या चार दशकांत वाढलेल्या सुमारे ४० यार्डांपैकी नियम ९ ते १५ यार्डच परत घेतो. खेळाडूंचा वेग असाच वाढत राहिला तर काही वर्षांत तेवढेही भरून निघू शकतात.

भारतात याचा संबंध कुठे येतो?

चेंडूला हात न लावताही लांब मारणाऱ्यांना आवरता येते, याचे उदाहरण दिल्लीत आहे. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर फेअरवे अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना दाट झुडपे. चेंडू आत गेला की सापडणे मुश्कील. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे झालेल्या डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिपआधी मॅकिलरॉयने आपण या आठवड्यात ड्रायव्हर वापरू असे वाटत नाही, असे सांगितले होते. स्पर्धा टॉमी फ्लीटवुडने जिंकली. जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एकाला आपली सर्वांत लांब स्टिक बॅगेत ठेवायला लावणारे मैदान ७,००० यार्डांच्याच आसपास आहे. पण हा उपाय सगळीकडे चालत नाही. सेंट अँड्र्यूजसारख्या मोकळ्या, समुद्राकाठच्या मैदानावर झाडीच नसते. नव्या ठिकाणी तशी झाडी वाढायला अनेक दशके जातात.

अंतरापलीकडचा खेळ भारतीय प्रेक्षकांनी टोकियो ऑलिम्पिकमध्येही पाहिला. पुरुषांमध्ये अनिर्बन लाहिरीसोबत पुण्याचा उदयन माने भारताकडून खेळला. महिलांमध्ये अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकले आणि ती चौथी आली. त्या स्पर्धेत ड्राइव्हच्या अंतरात अदिती तळाच्या खेळाडूंमध्ये होती. तिने कसर भरून काढली ती ग्रीनजवळच्या फटक्यांनी आणि पटिंगने. गोल्फमध्ये आखूड मारणाऱ्यालाही जागा आहे, पण ती टिकण्यासाठी मैदानाने अंतराखेरीज इतर कसोट्याही घेतल्या पाहिजेत. डॉगलेग ही त्यातली एक.

हौशी खेळाडूंचे काय?

चेंबूर, येरवडा किंवा इतर कुठल्याही मैदानावर रविवारी सकाळी खेळणाऱ्यांना लगेच काही करायची गरज नाही. त्यांचे अंतर फार तर ५ यार्डांनी घटण्याचा अंदाज आहे. वाऱ्याच्या एका झुळकेने याहून जास्त फरक पडतो. कारण सोपे आहे. नवी चाचणी ताशी १२५ मैल वेगाच्या फटक्यासाठी आहे आणि हौशी खेळाडूंचा वेग त्याच्या बराच खाली असतो. त्यांच्यासाठी डॉगलेगचा कोपरा आजही अवघडच आहे.

नियम खरोखर उपयोगी ठरला की नाही, हे विजेत्यांच्या गुणफलकावरून कळणार नाही. ते कळेल ऑगस्टाच्या १३ व्या होलसारख्या जागी. नवा चेंडू हातात आल्यावर टीवर उभा राहिलेला खेळाडू कोपऱ्याकडे पाहून थबकतो, की पूर्वीसारखाच ड्रायव्हर काढून झाडांवरून मारतो, यावर क्लबांना पुढची जमीन विकत घ्यावी लागेल की नाही ते ठरेल.